शंभर टक्के हजेरी

“त्या खोलीचं दार ओढून घेऊ नका, बाई. आतून उघडत नाही,” असं सफाईच्या मावशींनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. दारावर ‘मातृकक्ष’ अशी नवीकोरी पितळी पाटी होती. पाटी लावण्यापूर्वी कुणीतरी शिकल्यासवरल्या माणसाने कुलूप तपासलंच असणार, असा तिचा ठाम विश्वास होता.

बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली त्याच आठवड्यात ‘मनातले नकळत पूर्वग्रह ओळखा’ हे प्रशिक्षण निघालं. सक्तीचं. प्रमाणपत्र नाही तर नोकरी कायम नाही.

सत्राआधी ती दूध काढायला मातृकक्षात शिरली. आत जुन्या फायली, मोडका पंखा आणि एक खुर्ची. दार सवयीने ओढून घेतलं. फोन बाहेर टेबलावर. मग दोन तास ती दार बडवत राहिली. भिंतीपलीकडून प्रशिक्षकाचा आवाज येत होता, की समोरच्याबद्दल काहीही गृहीत धरू नका. त्यावर टाळ्या पडत आणि तिचं बडवणं त्यात विरून जाई.

तिची रिकामी खुर्ची साहेबांना दिसली होती, हे तिला नंतर कळलं. “नवी आई आहे, पळाली असेल बाळाकडे,” ते म्हणाले. सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. हजेरी शंभर टक्के हवी म्हणून तिची सही साहेबांनीच ठोकली. बाईमाणसाची म्हणून जरा नाजूक काढली.

पाचला मावशींनी दार उघडलं. “सांगितलं होतं ना?” एवढंच म्हणून त्या सांडलेलं दूध पुसायला फडकं घेऊन आत गेल्या. तेवढ्यात शेवटच्या चाचणीची घंटा झाली. ती धावत सुटली.

प्रश्न होता, तुमच्या ऑफिसात सहज दुर्लक्ष होतं अशी व्यक्ती कोण? तिने क्षणभरही न अडखळता लिहिलं, ‘मी.’ पैकीच्या पैकी गुण मिळाले.

सहाला पाळणाघरात बाळाचं तोंड पुसताना तिला ते फडकं आठवलं. धावताना दार तिने ओढून घेतलं होतं. सवयीने.

तिने वॉचमनकाकांना फोन लावला.

“कोण मावशी? नाव काय? नाव सांगा, तर वर जाऊन बघतो.”

नाव तिने कधी विचारलंच नव्हतं.

मग तिने साहेबांना फोन लावला. त्यांनी यादी तपासून सांगितलं, की सगळे हजर होते, सगळे घरी गेले. मावशी कंत्राटदाराच्या, त्या आपल्या हजेरीत येत नाहीत. “आणि गेल्याच असतील हो. नातवंडं असतील घरी.”

बाळाला कडेवर घेऊन ती उलट पावली निघाली आहे, पण रस्ता तुंबलाय. तुम्ही जवळपास असाल तर तेवढं बघाल का? तिसरा मजला, पितळी पाटी. बाहेरून दार सहज उघडतं. हे आमचं ऑफिसच नव्हे म्हणत असाल, तर आपल्याच मजल्यावरचं एकदा उघडून बघा. हाक मारायला नाव लागेल. ते तुम्हाला ठाऊक असेलच.