दाराजवळचा बोर्ड

ठमीच्या आईला सोमवारी सलग तीन तास खुर्चीवरून उठायचं नव्हतं. अट एवढीच होती. बाळंतपणाची रजा संपली होती आणि घरून काम करायची परवानगी मिळणार की नाही, हे त्या बैठकीवर ठरणार होतं. मागच्या बैठकीतून ती चार वेळा पळाली होती. तिचं टेबल वरच्या खोलीत, ठमीचा पाळणा खाली मागच्या खोलीत, आणि पाळण्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र फोनवर दर दहा मिनिटांनी गोठायचं. गोठलेल्या चित्रातलं बाळ श्वास घेत नाही. मग आई कानातले हेडफोन उपटून जिना उतरायची आणि खाली ठमी निवांत अंगठा चोखत पडलेली असायची. चौथ्या वेळेनंतर वरिष्ठ बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी उठलात, तर रोज ऑफिसला यावं लागेल."

म्हणून शनिवारी नवऱ्याने वायफायच्या तीन डब्या आणल्या. एक हॉलमध्ये, एक वर, एक ठमीच्या खोलीत. फोन घेऊन घरभर कुठेही फिरा, एकीची हद्द संपली की दुसरी त्याला अलगद झेलेल, असं खोक्यावर लिहिलं होतं. नवऱ्याने हौसेने तिन्ही डब्यांना वेगवेगळी नावं दिली, आणि फोन जिन्यात मध्येच लोंबकळायला लागला.

रविवारी सकाळी वायफायवाला आला. तीन नावं दिली तर फोनला ती तीन परकी घरं वाटतात, असं म्हणत त्याने तिघींना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला. तरी फोन वर जाऊनही हॉललाच चिकटून राहिला.

"माहेर सुटत नाहीये त्याला," वायफायवाला म्हणाला. "थांबा, हॉलचा जोर कमी करतो. तिकडची हाक ऐकू आली नाही, की येईल मुकाट्याने."

आणि फोन खरंच आला. आता शेवटची परीक्षा. ठमीला बापाच्या कडेवर देऊन पाळण्यात तिच्या दुपट्यात गुंडाळलेली उशी ठेवली. आई फोन घेऊन वर गेली. पाचव्या पायरीवर उशी गोठली.

सगळे मागच्या खोलीकडे धावले. पुढे ठमीचे आजोबा. आत जाऊन पाहतात तर डबीचा दिवा लागलेला, उशी ठणठणीत. पुन्हा परीक्षा, पुन्हा उशी गोठली. पुन्हा आत गेले, पुन्हा दिवा चालू. वायफायवाल्याने वायर बदलली. मग डबी बदलली. मग भिंतीवर टकटक करून तिच्यात फार लोखंड असल्याचा संशय व्यक्त केला. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा तो स्वतःच्याच फोनकडे बघत म्हणाला, "ताई, मी इतकी वर्षं हे काम करतोय. आम्ही खोलीत असलो की चालणारी आणि पाठ फिरवली की बंद पडणारी डबी पहिल्यांदाच पाहतोय."

नवरा म्हणाला, शाळेत मीही असाच होतो.

ठमीच्या आईला मात्र हसू आलं नाही. डॉक्टरांनी रडण्याचे प्रकार विचारले तर सात प्रकार वेळेसकट सांगणारी बाई ती. पुढच्या खेपेला ती जिन्याकडे गेलीच नाही, दाराशी उभी राहिली. परीक्षा सुरू झाली म्हटल्यावर गंमत बघायला आजोबा खोलीतून बाहेर आले, आणि येता येता, मान न वळवता, त्यांचा तळहात दाराजवळच्या बोर्डावरून एकदाच फिरला. दिवा गेला, प्लग गेला, डबी गेली. आत जाताना तोच हात उलटा फिरला आणि सगळं पुन्हा जागं झालं.

आजोबा एकतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. संध्याकाळी सगळ्यांत शेवटी तेच निघायचे, सगळी बटणं बंद करून. एकतीस वर्षांत एक ठिणगी उडाली नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत.

वायफायवाला गेल्यावर तिने त्यांना हळूच सांगितलं. ते बोर्डाकडे असे बघत राहिले, जणू त्यानेच चुगली केली.

"बटणावर चिकटपट्टी लावू," नवरा म्हणाला.

आजोबांचा चेहरा उतरला. ते बघून ती पटकन म्हणाली, "कशाला चिकटपट्टी? बाबांना आता माहीत आहे ना."

असं म्हणून तर गेली, पण रात्रभर तिला चिकटपट्टी दिसत होती.

सोमवारी बैठक सुरू झाली. फोन समोर उभा. पहिला तास चित्र हललं नाही, म्हणजे ठमी हलत होती, चित्र गोठलं नाही. दुसऱ्या तासाला ठमी कुरकुरली, तेव्हा चित्राच्या कोपऱ्यातून एक खुळखुळा आत आला आणि बाहेर गेला. तिसऱ्या तासाला वरिष्ठ बाईंनी तिला दोन अवघड प्रश्न विचारले आणि तिने दोन्हींची उत्तरं बसून दिली. शेवटी बाई म्हणाल्या, "ठीक आहे. घरूनच करा."

जिना उतरताना तिने मनातल्या मनात वायफायवाल्याचे आभार मानले, नवऱ्याचे मानले, तिन्ही डब्यांचे मानले.

मागच्या खोलीत आजोबा पाळण्याशेजारी लाकडी स्टुलावर ताठ बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. सकाळचा चहा हॉलमध्ये तसाच झाकलेला, पेपर दारात पडलेला तिने येता येता पाहिला होता.

"बाबा, तुम्ही तेव्हापासून इथेच आहात?"

"एकतीस वर्षांची सवय आहे गं. हाताचा भरवसा नाही," ते म्हणाले. "म्हटलं, खोलीतून बाहेर पडायचंच नाही. झालं तुझं?"

"झालं. घरून करा म्हणाल्या." तिने खाली वाकून ठमीला उचललं.

"मग मी जरा येतो," आजोबा म्हणाले आणि मुंग्या आलेले पाय ओढत घाईघाईने मोरीकडे निघाले.

तिच्या हातातल्या फोनवर चित्र गोठलं. तिने फोन खिशात टाकला आणि ठमीला खांद्यावर घेऊन चहा गरम करायला गेली.