एल्विनची सायकल टक्कलावरून उतरते

एल्विन हेझलवुडचा फोटो तिसऱ्यांदा परत आला तेव्हा तो दुकानात खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या मांडत होता. फोन वाजला, त्याने वाचलं, आणि हातातली बाटली चुकून पोटदुखीच्या फळीवर ठेवली.

"मागे कचऱ्याचा डबा दिसतोय," बर्निसने लिहिलं होतं. "नाकारलं."

बर्निस टॅपिंग ही आमच्या स्टॅनरी गावची पोस्टमास्तरीण. 'सध्या काय चालवताय?' या सायकलवाल्यांच्या गटाची सगळी सूत्रंही तिच्याच हातात होती. गटाचा नियम सोपा होता: आपल्या सायकलीचा फोटो टाकायचा आणि इतरांनी त्यावर तुटून पडायचं. पण फोटोचे नियम सोपे नव्हते. फोटो चेनच्या बाजूने हवा. दोन्ही पायडलं आडवी, एका रेषेत. हवा भरायचे व्हॉल्व्ह बरोबर खाली. आणि सायकल उभी दिसायला हवी, पण कशाला टेकलेली दिसता कामा नये. तिला आधार म्हणून लोक पलीकडच्या पायडलाखाली एक काटकी लावत, आणि ती काटकी फोटोत दिसली की बर्निस फोटो परत पाठवी. कथिलाच्या खाणी बंद पडल्यावर सगळं टास्मानिया या गावाला विसरलं होतं; डोंगरात सायकलींच्या वाटा झाल्या आणि गावात पुन्हा जीव आला. तेव्हा आमच्याकडे नवी सायकल घेऊन तिचा फोटो न लागणं म्हणजे घरी मूल जन्मून बारसं न होण्यासारखं होतं.

एल्विनची सायकल सहा आठवड्यांपूर्वी आली होती. हिरवीगार. शनिवारी बेकरीसमोर सगळे जमले तेव्हा रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने ती सीटला धरून एका हाताने उचलली, पुढचे शॉकअप दाबून पाहिले, चाक फिरवून त्याची टिकटिक ऐकली. "हलकी आहे," असं प्रत्येक जण म्हणाला. मग प्रत्येकाने एल्विनकडे पाहिलं. एल्विन सत्तेचाळीस वर्षांचा, सज्जन, औषधं अचूक देणारा आणि उतारावर दोन्ही ब्रेक दाबून बसणारा गृहस्थ होता. इतकी देखणी सायकल याच्याकडे काय करत्येय, हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता, आणि खरं म्हणजे एल्विनच्याही मनात होता.

"मागे नुसतं आकाश हवं," त्याची बायको रोवेना म्हणाली. "त्या बर्निसला आकाशात काय खोट सापडते बघू."

आमच्या गावात मागे नुसतं आकाश मिळेल अशी जागा एकच: पाद्र्याचं टक्कल. गावाच्या डोक्यावर असलेला हा एकसंध, गुळगुळीत, गोलसर कातळ. वरून खाली सरळ दीडशे मीटर उतार, तळाशी कातळाचा ओठ बाहेर आलेला, ओठाखाली माणूसभर हवा आणि त्याखाली गवत. बाजूने नागमोडी वाट आहे, सगळे तिनेच येतात. सरळ टक्कलावरून उतरलेला गावात एकच माणूस, मर्व ट्रेलोर. नऊ वर्षांपूर्वी, चौदा सेकंदांत. मर्वच्या गुडघ्याने दगा दिल्यामुळे त्याला ते पुन्हा करता आलं नाही, पण तो बेकरीत शिरला की आजही लोक खुर्ची पुढे करतात.

मंगळवारी सकाळी एल्विनने दुकान तासभर बंद केलं आणि सायकल ढकलत टक्कलाच्या माथ्यावर नेली. पायडलं आडवी केली, व्हॉल्व्ह खाली आणले, काटकी लावली. फोन घेऊन तो मागे सरकला. आणखी मागे सरकला. पूर्ण बारा पावलं मागे जाऊन त्याने बटण दाबलं, आणि नेमक्या त्याच क्षणी काटकी निसटली.

सायकल पडली नाही. क्षणभर ती नुसती उभी राहिली, मग शांतपणे पुढे निघाली.

"ए!" एल्विन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

ती टक्कलाच्या कडेवर आली आणि खाली झुकली. एल्विन धावत कडेशी गेला. धावताना त्याला आपल्या सहा आठवड्यांच्या सायकलीचे तुकडे डोळ्यांपुढे दिसत होते. पण खाली पाहिलं आणि तो सगळं विसरला. ती जात होती. सरळ, जराही न डगमगता, वेग घेत, कातळाच्या बरोबर मध्यावरून. तिची टिकटिक वाढत वाढत एक लांब सूर झाली. ओठावर आली, आणि तिने जमीन सोडली. हवेत ती अगदी सहज गेली. दोन्ही चाकं एकदम गवतावर टेकली, शॉकअप बसले, उठले, ती गवतातून तशीच पुढे गेली आणि नेच्यांच्या झुडपात हळूच आडवी झाली.

इतकी सुंदर गोष्ट त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. आपल्या लग्नात रोवेना चर्चच्या दारातून आत आली तो क्षण सोडून, असं तो नंतर म्हणाला, पण ते म्हणायला त्याला जरा वेळ लागला.

बाजूच्या वाटेने धापा टाकत तो खाली पोचला तेव्हा एक वॉलबी, कांगारूची छोटी बहीणच, सायकलीकडे बघत उभी होती. ओरखडासुद्धा नव्हता. एल्विन गुडघ्यांवर बसून टायर, फ्रेम, हँडल तपासत राहिला. खिशातला फोन वाजला, पण त्याच्याकडे बघायचं भान त्याला नव्हतं. हँडलवर वेग मोजणारं एक इवलं यंत्र होतं, चाक फिरलं की आपोआप सुरू होणारं आणि फोन जवळ आला की उतरायला लागलेली वेळ आपोआप गावच्या विक्रमांच्या तक्त्यावर पाठवणारं. त्याने आपलं काम चोख केलं होतं.

तो बेकरीपाशी आला तेव्हा सगळे बाहेर उभे होते.

"अकरा सेकंद!" कोणीतरी ओरडलं.

गर्दीतून मर्व ट्रेलोर पुढे आला. एकसष्ट वर्षांचा, लाकडाच्या वखारीत आयुष्य घालवलेला माणूस. त्याने टोपी काढली आणि एल्विनचा हात हातात घेतला. एल्विनने तोंड उघडलं. खरं सांगायचं तर तो सांगणारच होता. पण सत्तेचाळीस वर्षांत कोणी एल्विनसमोर टोपी काढली नव्हती.

"ब्रेक कुठं धरलास रे?" मर्वने विचारलं.

"नाही धरला," एल्विन म्हणाला.

"कुठंच नाही?"

"हातच लावला नाही."

गर्दीत एक उसासा उमटला. बर्निस पोस्ट बंद करून आली होती. तिने खिशातून टपालाचं पाकीट काढलं आणि पाकिटाच्या मागच्या बाजूवर लिहायला सुरुवात केली.

"आणि वजन?" ती म्हणाली. "वजन मागे टाकलं होतंस ना?"

"होतो मी मागे."

"किती मागे?"

"खूपच मागे."

"बापरे! आणि ओठावरून सुटलास तेव्हा मनात काय आलं?"

"वाटलं, गेली आता."

"बघा, बढाई म्हणून नाही माणसात," बेकरीवाली म्हणाली आणि तिने त्याच्या हातात गरम सॉसेज रोल ठेवला.

त्याने टिपलेला तो एकुलता एक फोटो बर्निसने स्वतःच मागून घेतला आणि दोन मिनिटांत लावला. चेनची बाजू, पायडलं आडवी, मागे आकाश. "काटकी कुठं लपवलीस रे?" तिने विचारलं. "मोठा करकरून पाहिला, दिसतच नाही."

"पडली होती," एल्विन म्हणाला. त्याचं ते बोलणं सगळ्यांना फारच आवडलं.

घरी त्याने रोवेनाला खरं सांगितलं. ती हसून हसून खुर्चीत बसली, मग खुर्चीतून खाली सरकली. "उद्या सांगून टाक," डोळे पुसत ती म्हणाली.

पण बुधवारी लोक दुकानात औषधं घ्यायला येईनात, त्याला बघायला येऊ लागले. एका म्हाताऱ्या आजींनी रक्तदाबाच्या गोळ्या घेताना त्याचा दंड दाबून पाहिला. गुरुवारी कोणीतरी त्याच्या सायकलीला सलाम केला. एल्विनला रोज वाटे, आज सांगू. आणि रोज त्याला ते आवडत होतं, हेही खोटं नाही. आयुष्यभर लोकांनी त्याच्याकडे काउंटरच्या पलीकडून बघितलं होतं; आता ते खालून वर बघत होते.

शुक्रवारी तो पोस्टात गेला. काउंटरमागच्या भिंतीवर बर्निसने ते पाकीट चिकटवलं होतं. 'ब्रेकला हात नाही. वजन खूप मागे. नजर समोर.' खाली कोपरांना बांधायच्या पट्ट्यांचं नवंकोरं खोकं होतं.

"उद्या तू पुढे, मी तुझ्या मागे," बर्निस म्हणाली.

एल्विनने विचारलं, "कुठं?"

"कुठं म्हणजे? टक्कलावर. अख्खा गाव येणार आहे. मर्वनं सांगितलं नाही तुला?" ती खिडकीकडे वळली. पोस्टाच्या खिडकीतून तो कातळ सबंध दिसतो. "नऊ वर्षं मी इथं शिक्के मारते आणि याच्याकडे बघते, एल्विन. बावन्न वर्षांची झाले. दर शनिवारी बाजूच्या वाटेनं उतरते आणि दर शनिवारी स्वतःचा राग येतो. मर्व काही मला जवळचा वाटला नाही कधी, तो मर्व आहे. पण तू! तू म्हणजे… तू आहेस ना. तुला जमलं तर मला जमेल."

"बर्निस, ऐक. त्या दिवशी जे झालं ना…"

"विनय पुरे झाला हं," ती म्हणाली, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाचं पार्सल घेतलं. एल्विन दोन मिनिटं तिथेच उभा राहिला आणि विनाकारण एक तिकीट विकत घेऊन घरी गेला.

शनिवारी माथ्यावर चाळीसेक माणसं होती. बर्निसने आपली जुनी निळी सायकल आणली होती. तिचे हात थंड पडले होते, हे तिने दोनदा सांगितलं. तिने कोपरांच्या पट्ट्या आवळल्या आणि एल्विनकडे बघून मान हलवली. त्या डोळ्यांत इतका विश्वास होता की एल्विनला ते सहन झालं नाही.

"मी उतरलो नाही!" तो ओरडला. "मी कधीच उतरलो नाही! फोटो काढत होतो. काटकी निसटली आणि सायकल एकटीच गेली. मी बारा पावलं मागे होतो!"

कोणी हसलं नाही.

"एकटी?" बेकरीवाली म्हणाली.

"एकटी."

"ओठावरून?"

"ओठावरून. दोन्ही चाकांवर टेकली."

"साक्षीदार?"

"एक वॉलबी होती."

लोक चिडले नाहीत. ते हळूहळू वळून त्या हिरव्या सायकलीकडे बघू लागले, आणि सगळ्यात पुढच्यांनी तर तिला जागा करून द्यायला एक पाऊल मागे घेतलं. तेवढ्यात मर्व ट्रेलोर मटकन एका दगडावर बसला.

"किती वर्षं झाली म्हणालात?" तो कुणालाच न विचारता म्हणाला. "नऊ. मी झुडपाआड गेलो होतो. लघवीला. सायकल त्या तिथं टेकवली होती. परत येतो तर…" त्याने खाली बोट दाखवलं. "धड मागे वळूनसुद्धा बघितलं नाही तिनं."

"आणि गुडघा?" बर्निसने विचारलं.

"गुडघ्याला काय धाड भरल्येय," मर्व म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर नऊ वर्षांचं ओझं उतरल्याचं स्पष्ट दिसलं.

आता सगळे कातळाकडे बघत होते. म्हणजे या टक्कलावरून आजवर माणूस असा उतरलाच नव्हता. तो कातळ एकाएकी पूर्वीपेक्षा मोठा दिसू लागला. दोन-चार जण हेल्मेट काढून बाजूच्या वाटेला लागलेसुद्धा.

बर्निस मात्र तिथेच उभी होती. पोस्टाच्या भिंतीवरून सोबत आणलेलं ते पाकीट तिने खिशातून काढून पुन्हा वाचलं.

"मर्व, तुझी सायकल शाबूत पोचली?"

"घंटासुद्धा वाकडी झाली नव्हती."

"तुझीही, एल्विन?"

"ओरखडा नाही. बर्निस, आता घरी जाऊ या."

"म्हणजे कातळ ठीक आहे," बर्निस हिशेबी आवाजात म्हणाली. "सायकलीही ठीक आहेत. घोळ घालतो तो वर बसलेला माणूस." तिने पाकिटाची घडी घालून परत खिशात ठेवलं आणि सायकलीवर बसली.

एल्विनने झेप घेतली. त्याची बोटं तिच्या सीटला लागली आणि घसरली. तो कडेवर पालथा पडला, आणि पडल्यापडल्या त्याने ते दुसऱ्यांदा पाहिलं. तीच सरळ रेघ, तीच वाढत जाणारी टिकटिक, फक्त या वेळी वर एक बावन्न वर्षांची बाई होती आणि एल्विन आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना करत होता. ओठाजवळ ती किंचित थांबल्यासारखी वाटली. मग ती हवेत होती. पोस्टमास्तरीण, निळी सायकल आणि खाली काही नाही. चाळीस माणसांत एकानेही श्वास घेतला नाही. मागचं चाक टेकलं, पुढचं टेकलं, सायकल हेलकावली, सावरली, गवत ओलांडून नेच्यांत शिरली आणि दिसेनाशी झाली.

नेच्यांतून एक हात वर आला.

सगळे बाजूच्या वाटेने धडपडत खाली आले. हिरव्या सायकलीवर बसून सुटलेला एल्विन सर्वांत आधी पोचला. त्याने येताना एकदाही ब्रेक दाबला नव्हता, पण ते कोणाच्याच लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही. बर्निस उताणी पडून आकाशाकडे बघत होती. हेल्मेटमध्ये नेच्याची फांदी अडकली होती.

"लागलं का?" तो रडत होता, आणि ते त्याने लपवलं नाही.

"किती?" बर्निसने विचारलं.

एल्विनने तिच्या हँडलवरच्या यंत्रात बघितलं. "सतरा. बर्निस, तू पहिली आहेस! तक्त्यावरची आमच्या दोघांची नावं आत्ता पुसतो."

"खबरदार!" ती कोपरावर उठली. "सायकली उतरल्या ना? वेळ खरी आहे ना? मग पुसायचं काय?"

"अगं, पण आमच्या सायकलींवर कोणी नव्हतं!"

"माझ्या सायकलीवर तरी कुठं होतं? ओठाशी आले, घाबरून ब्रेक दाबला आणि डोळे मिटले. पुढचं सगळं हिनंच केलं." तिने हात लांबवून निळ्या सायकलीचं चाक थोपटलं. मर्वने आपलं तोंड रुमालात घातलं होतं.

दुपारी कोपराला पट्टी बांधून बर्निसने तक्ता स्वतः दुरुस्त केला. तो अजून तसाच आहे. पहिली: एल्विनची सायकल, अकरा सेकंद, वर कोणी नाही. दुसरी: मर्वची सायकल, चौदा सेकंद, वर कोणी नाही. तिसरी: बर्निसची सायकल, सतरा सेकंद, वर बर्निस होती म्हणून उशीर.