वानखडेकाकांचा पहिला ग्रेड

आमचे शेजारी वानखडेकाका रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आधी कागद दोन अंगठ्यांत धरून हलकेच ताणतात. मलकापुरात कापूस खरेदीवर ग्रेडर म्हणून त्यांनी उभी हयात काढली, धागा ताणून बघायची बोटांची सवय जात नाही. मग चष्मा वर करून निकाल देतात. "साखर, दुसरा ग्रेड. हिमोग्लोबिन, रिजेक्ट."

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. माझ्याच लॅबचे रिपोर्ट हा माणूस ओट्यावर बसून गल्लीला वाचून दाखवतो, तेव्हा डोक्यात जातं माझ्या. पण भांडणार कोणाशी? सख्ख्या मेव्हण्याच्या कापसाला त्यांनी भर यार्डात तिसरा ग्रेड दिला होता. मेव्हणा तीन दिवाळ्या घरी आला नाही. "माल बोलते, मी नाई," एवढंच काकांचं म्हणणं.

गेल्या वर्षी काकूंचं हृदय कमजोर झालं. धाप लागायची, पाय सुजायचे. तेव्हा बीएनपी म्हणजे काय ते मी काकांना समजावलं. हृदयावर ताण आला की ते हा पदार्थ रक्तात सोडतं. ताण जास्त, आकडा जास्त.

"म्हंजे कापसातला ओलावा," काका म्हणाले. "जेवढा कमी तेवढा चांगला."

मला याहून बरं सांगता आलं नसतं.

गेल्या महिन्यात काकूंची तपासणी अकोल्याला झाली. रिपोर्ट आला आणि काका चार दिवस ओट्यावर दिसलेच नाहीत. पाचव्या दिवशी लॅबच्या दारात उभे. कागद ताणला नाही, काही नाही.

"पोरी, आपल्या इथं चारशे वीस होता. आता सोळाशे. काऊन वाढला असंन इतका?"

मी कागद पाहिला आणि चिडलेच. "काका, ही तपासणीच वेगळी आहे. एनटी-प्रोबीएनपी. दोघी एकाच घरातल्या, पण हिचा आकडा मुळातच मोठा येतो. आखूड धाग्याचा आणि लांब धाग्याचा कापूस एका मापात धरता का तुम्ही?"

ते बाकावर बसले. कागदाची घडी घालत म्हणाले, "नाई धरत."

डॉक्टरांना विचारून मी जुनीच तपासणी पुन्हा केली. तीनशे नव्वद. जवळपास तेवढाच, म्हणजे वाढलेला नाही.

"दुसरा ग्रेड," काका पुटपुटले, आणि तिथंच घुटमळले. "आता तिले कसं सांगू? अकोल्याच्या कागदाले मी तं पयलाच देऊन बसलो."

मी सांगते म्हटलं. संध्याकाळी गेले तर काकू शेंगा सोलत होत्या. सगळं ऐकून हसल्या.

"माह्या भावाच्या कापसाले ज्या माणसानं कधी पयला देला नाई, त्यानं मले देला. तवाच समजली मी, काईतरी बिघडलं हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू, बाई? चार दिवस माह्याजवळ बसून होते ते. पयल्यांदाच."