रेडिओला लावलेला ऑटो

शालूबाईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि ते सेनगावच्या गावरेडिओला परवडणारं नव्हतं. माइकवर त्या बोलायच्या, मागची यंत्रं तातेराव सांभाळायचे, तेही एकाच खोलीत.

भांडण अँप्लिफायरवरून होतं. अँटेना बदलायची तर आधी ट्रान्समीटर बंद करायचा, मगच खटका फिरवायचा; नाही तर सगळा जोर माघारी येऊन अँप्लिफायर जळतो. मागचा असाच जळाला आणि रेडिओ अख्खा उन्हाळा मुका राहिला. तेव्हापासून तातेराव त्याला तान्ह्या लेकरासारखं जपत. काल शालूबाई दोडक्याच्या शिरांची चटणी सांगत असताना अँप्लिफायर तापला म्हणून त्यांनी मधेच ट्रान्समीटर बंद केला. मीठ सांगायचं राहिलं. तालुक्यानं अळणी चटणी खाल्ली.

आज वानर मोठ्या अँटेनावर जाऊन बसलं. आवाज खरखरायला लागला. तातेरावांनी ट्रान्समीटर बंद केला आणि लहान अँटेनाकडे खटका फिरवला. तो अर्ध्यातच अडकला. जोर लावता लावता त्यांना ऑटोचं आठवलं. सारखी लाइट जाते म्हणून त्यांनीच शेतातल्या मोटारीचा ऑटो काढून ट्रान्समीटरला लावला होता. यंत्र बंद दिसलं की ऑटो थोड्या वेळानं ते आपोआप सुरू करतो. खटका कुठं अडकलाय, त्याला काय माहीत!

"शालू, ऑटोचं बटण खाली कर! माझे हात गुंतलेत!"

शालूबाई माइकसमोर पदर सारखा करत बसल्या.

"अगं, अँप्लिफायर जळंल!"

"जळू द्या की. सवत हाय ती माझी."

"काहून अशी करून राहिली गं?"

"आधी म्हणा, त्या डब्यापेक्षा शालू मोठी."

"डब्यापेक्षा शालू मोठी."

"ऐकू न्हाई आलं."

तातेरावांनी भिंतीला पाय लावला, दोन्ही हातांनी खटका ओढला आणि सगळा जीव घशात आणून ओरडले, "डब्यापेक्षा..."

खट्! खटका बसला. टक्! ऑटोनं ट्रान्समीटर सुरू केला.

"...माझी शालूच मोठी! चुकलं माझं, बाई! तू म्हणशील तसं!"

माइक चालूच होता.

लगेच फोन वाजला. साखऱ्याचा सटवाजी, शेळ्या राखणारा. "तात्या, आवाज लई साफ येऊन राहिला आता! तेवढं शेवटचं पुन्हा एकदा म्हणा. आमच्या भागाबाईनं मला रेडिओसमोर बसवलंय."

तातेरावांनी एक हात कपाळावर मारला, दुसरा हळूच अँप्लिफायरवर ठेवला.

शालूबाईंनी माइक पदरानं झाकला. "गार हाय का?"

"गार हाय."

त्यांनी पदर काढला. "तर बायांनो, कालच्या चटणीत मीठ चवीपुरतं."