गवेसरांची नवी विद्या

एका जंगलात रग्बी खेळायचे. हसू नका. तुमच्याकडे गल्लीत क्रिकेट खेळतात तेव्हा हसतं का कोणी?

रग्बी सोपी असते, बाळांनो. लांबोडका चेंडू काखेत मारायचा आणि पळत सुटायचं. समोरचे अंगावर पडतात. चेंडू पुढे फेकायचा नाही, मागच्यालाच द्यायचा. असं मागे देत देत तो पुढच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवायचा. मोठेपणी कचेरीत गेलात की हे बरोबर समजेल.

प्राण्यांच्या पोरांना शिकवायला एक थोराड गवा होता, त्याला सगळे गवेसर म्हणत. आधी ते शिंगं रोखून शिकवत. मग ते कुठल्याशा शिबिराला गेले आणि नवी विद्या घेऊन आले. म्हणे, खेळ मुलांच्या हाती द्यायचा. डाव त्यांनी रचायचे, चुका त्यांनीच शोधायच्या. सरांनी फक्त म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

पोरं हरखली. माकडाच्या पोराने डावीकडून घुसायचं ठरवलं. सर म्हणाले, छान, आता परत विचार कर. त्याने परत डावीकडेच ठरवलं. सर म्हणाले, अजून थोडा विचार कर. दिवस मावळायला आला तेव्हा त्याने उजवीकडे ठरवलं. सरांना गहिवरून आलं. मुलं स्वतःहून किती सुंदर विचार करतात, म्हणाले.

पोरं काही खुळी नव्हती. सरांना जी बाजू हवी, त्या बाजूचा त्यांचा कान हलतो, हे त्यांनी हेरलं. मग काय, सर विचारायचे, पोरं कान बघायची आणि ठरवायची. शेजारच्या जंगलांतले मास्तर ही पद्धत बघायला येऊ लागले.

मुंगसाची झिपरी तेवढी कान बघायची नाही. बुटकी होती बिचारी, तिला तो दिसायचाच नाही. ती आपली समोर बघून खेळायची.

एकदा रानडुकरांशी सामना लागला. जिंकेल त्याचं तळ्याकाठचं मैदान. हरलो तर खेळायचं कुठे, या काळजीने झिपरीला घास गोड लागेना.

सामना बरोबरीत आला. चेंडू सशाकडे होता. तेवढ्यात सरांच्या उजव्या कानावर गोमाशी बसली आणि कान हलला. सगळा संघ एकदिलाने उजवीकडे वळला. तिकडे डुकरांची भिंत उभी होती. सशाचा पार चेंदामेंदा होणार, एवढ्यात मागून झिपरी ओरडली, "मागे दे!" त्याने दिला. ती डावीकडच्या मोकळ्या रानातून सुसाट गेली आणि चेंडू टेकवून आली.

मैदान राहिलं. हार सरांच्या गळ्यात पडला. मी काही केलं नाही, सगळं मुलांनीच केलं, असं ते तीन भाषणांत म्हणाले.

मग त्यांनी झिपरीला बोलावलं.

"सगळ्यांनी मिळून उजवीकडे ठरवलं होतं ना गं?"

"पण सर, डावीकडे मोकळं होतं."

"होतं की. पण जो तो असा आपल्या मनाने ठरवायला लागला, तर मुलांच्या हाती खेळ द्यायचा कसा?"

तिला ठेवायचं की काढायचं, हेही सरांनी पोरांवरच सोपवलं. पोरांनी एकमताने काढलं. ससा म्हणे सगळ्यात आधी हात वर करून बसला होता. झिपरी खूप रडली. मला तर त्या सशाचा अजून राग येतो.

तात्पर्य : मुलांना स्वतः ठरवायला जरूर शिकवावं. त्यातलं एखादं खरंच शिकलं, तर त्याला वेळीच बाहेर काढावं, म्हणजे बाकीच्यांचं शिक्षण सुरळीत चालतं.