उंच पट्ट्याखालचं गाव

साहेब, म्हसोबाच्या माळाखालची वाडी तुम्ही तहानेनं मारलीत! दुष्काळावर ढकलू नका. तुम्ही ती ब्रशानं मारलीत!

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात वडूजच्या कचेरीत बडे पाहुणे यायचे होते. कुठल्या गावच्या विहिरीचं पाणी किती खोल गेलंय, ते भिंतीएवढ्या फळ्यावर पट्टे काढून दाखवायचं. पाणी जितकं खोल, तितका पट्टा उंच. सगळ्यात उंच पट्ट्याच्या गावाला टँकर! काम मिळालं केरबा पेंटरला. केरबा त्याच वाडीचा. ट्रकच्या पाठीवर गरुड काढावा तर त्यानंच!

"राहीबाई," तो बायकोला म्हणाला, "आपला पट्टा पार आढ्याला टेकतोय. टँकर आला म्हनून समज! घागरी घासून ठेव."

"राखंनं घासीन, पन धुवू कशानं? तुमच्या रंगानं व्हय?"

पट्टे झकास उतरले. खाली गावांची नावं लिहायला घेतली आणि घोडं पेंड खाऊ लागलं! साहेब, तुमचा हुकूम होता, नाव पाहुण्यांच्या खुर्चीतनं वाचता आलं पाहिजे. केरबानं वीतवीत अक्षर काढलं. वाडीचं नाव शेजारच्या चार गावांत घुसलं, जणू बिनबोलावलेलं वऱ्हाड पंगतीत!

"बारीक लिही!" तुम्ही म्हणालात.

"मग खुर्चीतनं दिसंल व्हय?"

"मग उभी लिही!"

उभी लिहिली. वाचायला तुम्ही मान वाकडी केलीत ती वाकडीच राहिली. शिपायानं तेल चोळून सरळ केली!

"तिरकी लिही!"

तिरकी लिहिली. सगळा तालुका बाजारातनं ढोसून परतल्यागत दिसायला लागला!

"बास!" तुम्ही मान धरून ओरडलात, "एक सोडून एक नाव ठेव. बाकीची पूस!"

"आवं साहेब, त्यात आमची वाडी जातीया!"

"पट्टा आहे ना जागेवर? समजणारा समजतो!"

केरबानं डोळे मिटून आपलं गाव पुसलं.

पाहुणे आले. उंच पट्ट्याला काठी लावली, खाली नाव शोधलं, तर शेजारचं सापडलं. पळसदरी! टाळ्या! टँकर पळसदरीला! तिथल्या विहिरीला भर दुष्काळात पाझर. पण फुकटचं पाणी कोण सोडतंय? त्यांनी म्हशी धुतल्या!

वाडीत सरपंच आकाराम पारावरनंच गरजला, "गड्या, साऱ्या मुलखाची नावं लिवलीस आन् आपलंच पुसलंस?"

राहीबाईनं रंगाचा डबा उंबऱ्याबाहेर आदळला. "पानी घिऊनच घरात या!"

केरबा डबा घेऊन तडक वडूजच्या स्टँडवर. टँकर उभा, ड्रायव्हर धुळा हॉटेलात चहाला. केरबानं टँकरच्या पोटावर हातहात अक्षरात लिहिलं, 'म्हसोबाच्या माळाखालची वाडी'. जन्मात पहिल्यांदा ते नाव ऐसपैस मावलं!

धुळा मिशा पुसत आला, वाचलं आणि कपाळावर हात मारला. "आरं तिच्या! गाव बदललं आन् मला कुणी सांगिटलंबी न्हाई!"

आणि टँकर सुसाट वाडीत! माणसं प्याली, शेरडं प्याली. राहीबाईनं नवऱ्याला लोटीभर पाणी दिलं, वर गुळाचा खडा.

साहेब, तुमचं पित्त तेवढ्यानं खवळलं. टँकर परत पळसदरीला! वर केरबाला कागद, की सरकारी टँकर विद्रूप केला, खुलासा करावा. करील की! तुम्हांला खुर्चीतनं वाचता येईल एवढ्या अक्षरात करील. पण आधी तुम्ही करा. त्या सगळ्यात उंच पट्ट्याखाली कोण राहतं? बोला!