शोभेची टाकी

वसाहतीची नवी पाण्याची टाकी उद्घाटनानंतर दुसऱ्याच आठवड्यात तडकली. बाब तशी किरकोळ होती. विभागाच्या टाक्या तडकतच असत. पण या वेळी वरून चौकशी समिती नेमली गेली आणि उपअभियंत्यांच्या तोंडचे पाणी पळाले. टाकीतले आधीच पळाले होते.

रविवारी ते अंगणात डोक्याला हात लावून बसले. समोर त्यांची बायको 'राकू' नावाच्या जपानी पद्धतीने मातीची भांडी भाजत होती. मातीकामाचा नाद तिला हल्लीच लागला होता. तिने जाड हातमोजे चढवले, भट्टीतला लालबुंद वाडगा लांब चिमट्याने उचलला आणि भुशाने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. भुसा भडकताच तिने झाकण दाबले. धूर सरळ नवऱ्याच्या नाकात गेला.

निवलेला वाडगा बाहेर आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या झिलईवर काळ्या रेघांचे जाळे पसरले होते.

"तडकला की गं!"

"तडकायलाच हवा. झिलई गार होताना तडकते, धूर त्या रेघांत शिरतो. मागचा वाडगा प्रदर्शनात होता ना, तर लोक डोळे मिटून दाद देत होते."

"यात पाणी राहील?"

"छे, झिरपेल. हे शोभेचं असतं अहो. पाणी नाही भरायचं."

उपअभियंता ताडकन उठले. लग्नानंतर प्रथमच त्यांनी बायकोचे बोलणे लिहून घेतले.

समिती येण्याआधी टाकीच्या तड्यांत काजळी भरण्यात आली. सोबत निवेदन होते: 'सदर टाकी राकू शैलीत साकारण्यात आली असून तिच्या अंगावरील रेषाजाल पूर्वनियोजित आहे. पाणी भरल्यास कलाकृतीस बाधा पोहोचण्याचा संभव आहे.'

राकू म्हणजे काय हे समितीत कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे सर्वांनी एकमताने माना डोलावल्या. तरी नियमानुसार तज्ज्ञाचे मत हवे होते. वसाहतीत तज्ज्ञ एकच होती. उपअभियंत्यांच्या बायकोला बोलावणे गेले.

तिने टाकीला फेरी मारली. एका तड्यात बोट घातले. हात कोपरापर्यंत आत गेला.

"ही फुटलीय," ती म्हणाली. "राकूत झिलई तडकते, भांडं नाही. इथं भांडंच फुटलंय. पाडा आणि नीट बांधा."

अध्यक्ष गहिवरले. "बघा, खरा कलावंत आपल्या कामाची स्तुती कधी करत नाही."

"पण हे माझं काम नाहीच!"

"केवढा हा विनय!" अध्यक्ष म्हणाले, आणि विनयाची इतिवृत्तात नोंद झाली.

घरी आल्यावर तिने नळ सोडला. नळाने फुस्स केले.

"आता भात कशात शिजवू? तुमच्या निवेदनात?"

"कलेसाठी थोडी झळ सोसावी लागते गं."

तिने चिमटा उचलला. उपअभियंता निमूटपणे टँकर शोधायला गेले.

टाकीला पुरस्कार मिळाला. भोवती कुंपण आले, रंगीत दिवे आले, उपअभियंता कार्यकारी अभियंता झाले. शेजारच्या वसाहतींनीही तशाच टाक्या मागितल्या. एका कंत्राटदाराने गाफीलपणे सिमेंट पुरेसे घातले. त्याची टाकी तडकेना, थेंबही गळेना. त्याला कारणे दाखवा नोटीस गेली. त्याने चूक मान्य केली आणि पुन्हा असे घडणार नाही, असे लेखी दिले.

अखेर बायकोने पदर खोचला. तिने दारोदार जाऊन माणसे गोळा केली आणि रिकाम्या बादल्यांचा मोर्चा काढला. ती पुढे, वसाहत मागे. "पाणी द्या, नाहीतर टाकी पाडा!" घसे फुटेस्तोवर घोषणा झाल्या. मोर्चा कुंपणाशी पोहोचला आणि नेमके तेव्हाच दिवे लागले.

मागच्या घोषणा एकाएकी थांबल्या. लोक घाबरले असतील, असे वाटून ती धीर द्यायला वळली. बादल्या उपड्या करून लोक त्यांवर उभे होते आणि हातातले मोबाइल उंचावत होते.

तिसऱ्या रांगेत तुम्हीही होतात. ती तुमच्याकडेच पाहत होती. आणि तुम्ही तिला म्हणालात, "ताई, जरा बाजूला सरकता का? तडा पूर्ण येत नाहीये."